समूहातील चर्चा स्मरणिकेत छापताना या चुका टाळा

चतुर्थी जवळ आली की गोव्यातील अनेक व्हॉट्सॲप समूहांत माटोळीची, म्हणजे गणपतीच्या मूर्तीवर टांगायच्या फळाफुलांनी सजवलेल्या चौकटीची, चर्चा रंगते. कवंडळ हे रानफळ कोणत्या रानात सापडते, घागऱ्यो नावाच्या रानशेंगा कशा बांधाव्यात, याबद्दल जाणकार मनापासून लिहितात आणि मग ते सगळे गावच्या स्मरणिकेत छापावे, असे कोणाला तरी वाटते. मलाही वाटले होते, आणि मी ॲडमिनला विचारून ते छापलेही.

चूक तिथेच झाली. ॲडमिन समूह सांभाळतो, मजकूर त्याच्या मालकीचा नसतो. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या मजकुराचा हक्क नोंदणी न करताही लिहिणाऱ्याकडे असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. त्यामुळे दहा जणांनी मिळून केलेल्या चर्चेसाठी दहा जणांना विचारावे लागते. फॉरवर्ड आलेला मजकूर असेल तर पाठवणाऱ्याचा होकार निरुपयोगी आहे.

खाली नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली, हाही गैरसमजच. परवानगी लेखी हवी. मेसेजवरचे उत्तर चालते, मात्र त्यात मुदत आणि प्रदेश स्पष्ट असावा. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत. आपल्या स्मरणिकेची पीडीएफ दुबईतल्या गावकऱ्यांपर्यंत हमखास जाते, म्हणून हे आधीच विचारून घेतलेले बरे.

माहितीवर मात्र प्रताधिकार नसतो. कवंडळाची माहिती आपल्या शब्दांत नव्याने लिहिता येते. फक्त शब्दांची फिरवाफिरव करून तोच परिच्छेद उतरवू नये.

मजकूर आधीच छापून झाला असेल, तर प्रथम पीडीएफ मागे घ्यावी, प्रत्येकाला स्वतः कळवावे, आणि ज्याचा नकार येईल त्याचा मजकूर वगळूनच ती पुन्हा पाठवावी. उरलेल्या छापील प्रतींचे वाटपही तोवर थांबवावे. मी असे फोन केले तेव्हा एका काकींनी छापल्याबद्दल तक्रार केली नाही. त्यांनी लिहिलेले ‘सुपारीचे शिपटे’ मी शुद्धलेखनाच्या भरात ‘सुपारीचा घड’ केले होते, आणि तेवढे पूर्ववत करा, असे त्यांनी बजावले.