पकडून सोडलेला मासा जगावा यासाठी काय करावे

गळाला लागलेला मासा पाण्यात परत सोडला आणि तो शेपटी हलवत दिसेनासा झाला, की बहुतेकांना आपले काम झाले असे वाटते. पण पोहत गेलेला मासा जगलाच असे मुळीच समजू नये. सोडलेल्या माशांपैकी जे दगावतात, त्यांतील बरेचसे काही तासांनी किंवा पहिल्या एक-दोन दिवसांत, कोणाच्याही नजरेस न पडता मरतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात गळाने पकडून सोडलेल्या माशांच्या मृत्यूचे २७४ अंदाज एकत्र तपासले गेले. त्यांची सरासरी १८ टक्के होती आणि मध्यक ११ टक्के. काही अंदाज जवळजवळ शून्य होते, तर काही फार मोठे. हा फरक अंशतः माशाच्या जातीमुळे पडतो, परंतु बराचसा तो पकडणाऱ्याच्या साधनांमुळे आणि हातांमुळे पडतो, म्हणूनच पुढील गोष्टी नीट समजून घेणे आवश्यक आहे.

माशाच्या शरीरात काय घडते

गळ लागल्यावर मासा जी झुंज देतो ती मुख्यतः पांढऱ्या स्नायूंच्या बळावर, आणि हे स्नायू थोड्या वेळासाठी ऑक्सिजनविना ऊर्जा निर्माण करतात. त्यामुळे स्नायूंत व रक्तात लॅक्टेट साठते, रक्ताची आम्लता वाढते आणि साठवलेली ऊर्जा संपते. ही स्थिती पूर्ववत होण्यास कित्येक तास लागतात. नेमक्या याच वेळी, म्हणजे ऑक्सिजनची गरज सर्वाधिक असताना, आपण माशाला पाण्याबाहेर काढतो. हवेत कल्ल्यांची नाजूक पटले एकमेकांना चिकटतात आणि श्वसन जवळजवळ थांबते.

१९९२ सालच्या एका प्रयोगात रेनबो ट्राउट माशांना थकेपर्यंत पळवण्यात आले. ज्यांना हवेत काढले नाही त्यांपैकी १२ टक्के मासे १२ तासांत मेले, ३० सेकंद हवेत ठेवलेल्यांपैकी ३८ टक्के आणि ६० सेकंद ठेवलेल्यांपैकी ७२ टक्के. प्रयोगशाळेतील परिस्थिती कठोर असल्यामुळे हे आकडे प्रत्येक नदी-तलावाला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. तरीही छायाचित्रासाठी मासा उचलून धरण्याचा एक मिनिट किती महाग पडू शकतो, हे त्यांवरून स्पष्ट होते. सर्व सूचनांपैकी एकच पाळायची असेल, तर मासा हवेत ठेवण्याचा काळ १० सेकंदांच्या आत आणावा, आणि शक्य असल्यास त्याला पाण्याबाहेर काढूच नये.

गळ टाकण्यापूर्वी

खरी तयारी येथेच होते. अपेक्षित माशाच्या मानाने पुरेशी भक्कम काठी व दोरी घ्यावी, कारण बारीक दोरीने मोठा मासा खेळवत बसणे म्हणजे त्याची दमछाक मुद्दाम लांबवणे होय. तीन टोकांच्या गळाऐवजी एकटोकी गळ वापरावा आणि त्याच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करावा. दोरी सतत ताणलेली ठेवली तर काट्यावाचून मासे फारसे निसटत नाहीत, आणि गळ काढण्याचे काम काही क्षणांत होते.

नैसर्गिक आमिष वापरणार असाल तर सर्कल हुक घ्यावा. या गळाचे टोक आतल्या बाजूला, दांड्याच्या दिशेने वळलेले असते. माशाने आमिष गिळले तरी दोरी ओढली जाताना गळ घशातून सरकत येतो आणि बहुधा जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. मात्र मासा लागल्याचे जाणवताच काठीला जोराचा झटका देण्याची सवय येथे सोडावी लागते आणि दोरी हळूहळू, सलगपणे गुंडाळावी लागते. टोक एका बाजूला तिरपे केलेला सर्कल हुक घेऊ नये, कारण त्यात हा फायदा कमी होतो.

लांब चोचीची पक्कड, दोरी कापण्याची कात्री आणि गाठी नसलेली रबरी हातजाळी ही साधने हाताशी, उघडी ठेवावीत. मासा हातात असताना पिशवीत पक्कड शोधावी लागणे हे लहानसे वाटले, तरी माशाच्या दृष्टीने तेच निर्णायक ठरू शकते.

पाण्याचे तापमानही मोजावे. गोड्या पाण्यात १० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर ३० अंशांना साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास. शिवाय उष्ण पाण्यात माशाची ऑक्सिजनची गरज वाढते, म्हणजे दोन्ही बाजूंनी कोंडी होते. ट्राउटसारख्या थंड पाण्यातील माशांसाठी पाणी २० अंशांच्या आसपास पोहोचले की गळ टाकणे थांबवावे. इतर माशांच्या बाबतीतही उन्हाळ्यात पहाटेची वेळ निवडणे श्रेयस्कर आहे.

मासा जवळ आल्यावर

मासा लवकर जवळ आणावा आणि हातजाळीत घेऊन जाळी पाण्यातच राहू द्यावी. हात आधी ओले करावेत. माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हे जंतूंपासून त्याचे रक्षण करणारे आवरण असते, आणि कोरडा हात, कोरडे फडके, वाळू किंवा तापलेला नावेचा तळ त्याला लागला की ते निघून जाते. अशा जागी काही दिवसांनी बुरशी धरते आणि कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागतात. मोठा मासा जबड्याला धरून उभा लोंबकळत ठेवू नये. एक हात शेपटीच्या बुडाशी आणि दुसरा छातीच्या परांमागे, पोटाखाली ठेवून त्याला आडवा पेलावा. बोटे कल्ल्यांत घालू नयेत.

गळ ओठात किंवा जबड्यात असेल तर पकडीने त्याचा दांडा धरून, ज्या वाटेने तो आत गेला त्याच वाटेने उलटा फिरवून काढावा. दोरी मात्र घशात उतरलेली असेल आणि गळ दिसत नसेल, तर ओढाताण करू नये. दोरी तोंडाजवळ कापावी आणि गळ आतच राहू द्यावा. हे अनेकांना निष्ठुरपणाचे वाटते, पण अनेक अभ्यासांत असे दिसले आहे की खोल रुतलेला गळ उपसून काढलेल्या माशांपेक्षा दोरी कापून सोडलेले मासे अधिक जगतात, आणि त्यांपैकी काही कालांतराने गळ टाकूनही देतात. घशाजवळच हृदय आणि कल्ले असल्यामुळे तेथील ओढाताण जीवघेणी ठरते.

खोल पाण्यातून वर आलेला मासा

ही अडचण निराळी आहे आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेच्या दाबाइतका, वाढतो, त्यामुळे १० मीटरवरून वर आणलेल्या माशाच्या वाताशयातील (पाण्यात तरंगण्यास मदत करणाऱ्या, शरीरातील वायूच्या पिशवीतील) वायू दुप्पट, तर ३० मीटरवरून आणलेल्याचा चौपट जागा मागतो. ज्या जातींत वाताशय अन्ननलिकेला जोडलेले असते, त्या वायू तोंडावाटे सोडू शकतात. इतर जातींत तो अडकतो, डोळे बाहेर येतात, पोट फुगते आणि कधी जठर उलटे होऊन तोंडातून बाहेर डोकावते. हे जठर म्हणजे वाताशय समजून त्याला टोचण्याची चूक सर्रास होते, ती कधीही करू नये.

असा मासा पृष्ठभागावर तरंगत राहतो आणि ऊन किंवा पक्षी त्याचा बळी घेतात. सर्वांत चांगला उपाय म्हणजे त्याला पुन्हा खोल नेणे. वजन बांधलेला, ओठाला पकडणारा आणि ठरावीक खोलीवर किंवा झटका दिल्यावर सुटणारा चिमटा यासाठी मिळतो. वजन लावलेली, उलटी सोडलेली जाळीची पेटीही चालते. खाली जाताना दाब वाढून वायू पुन्हा आकसतो. सुईने वाताशयातील वायू सोडण्याची पद्धतही आहे, परंतु जागा चुकल्यास आतील अवयवांना इजा होते, म्हणून शिकलेल्या व्यक्तीखेरीज इतरांनी ती वापरू नये.

सोडण्यापूर्वीची तपासणी

मासा पाण्यात धरून तीन गोष्टी पाहाव्यात. शेपटी हलकेच पकडल्यावर तो सुटण्याची धडपड करतो का, कल्ल्यांची झाकणे नियमित उघडमीट करतात का, आणि कुशीवर कलवल्यावर त्याचा डोळा फिरून आडव्या पातळीत राहण्याचा प्रयत्न करतो का. यांतील डोळ्याची हालचाल विशेष सांगणारी आहे. अंग कलले तरी डोळा समतल राहत असेल तर चेतासंस्था जागेवर आहे. डोळा अंगाबरोबरच फिरला, जणू तो कवटीत घट्ट बसवलेला आहे, तर मासा गंभीर अवस्थेत आहे.

तिन्ही प्रतिसाद मिळाले तर लगेच सोडावा, धरून ठेवण्याने त्याचे काही भले होत नाही. प्रतिसाद मंद असतील तर तोंड प्रवाहाकडे करून संथ, वाहत्या पाण्यात त्याला नुसता आधार द्यावा. पुढे-मागे हलवण्याची पद्धत प्रचलित असली, तरी मागे ओढताना पाणी कल्ल्यांतून उलट दिशेने जाते, म्हणून ती टाळावी. हातातून स्वतःच्या बळावर निसटेपर्यंत थांबावे. तोल सावरू न शकणारा मासा शिकारी माशांच्या तोंडी सहज पडतो, म्हणून आसपास मोठे शिकारी मासे दिसत असतील तर जागा बदलून मग सोडावा.

कल्ल्यांतून भळभळ रक्त येत असेल आणि कोणताही प्रतिसाद मिळत नसेल, तर तो मासा जगण्याची शक्यता फार कमी असते. त्या जातीचा आणि त्या आकाराचा मासा ठेवण्यास नियमांची परवानगी असेल, तर डोक्यावर एकच जोरदार आघात करून त्याला तत्काळ मारावे आणि आपल्या वाट्याच्या मर्यादेत मोजावे. परवानगी नसेल, तर दोरी कापून तो कोणत्याही स्थितीत ताबडतोब पाण्यात परत करावा. एकामागून एक मासे अशाच अवस्थेत येऊ लागले, तर गळ, आमिष किंवा जागा बदलावी, आणि पाणी तापलेले असेल तर त्या दिवसापुरती काठी गुंडाळून ठेवावी.