चीट डे घेताय? मग या चुका टाळा, गोव्यात राहत असाल तर जास्तच

वजन कमी करायला घेतलं की पहिल्याच आठवड्यात कोणीतरी भेटतं जे सांगतं, "सहा दिवस कडक राहा आणि रविवारी काय पाहिजे ते खा." मला जिममधल्या एका पोराने सांगितलं होतं आणि खरं सांगतो, अख्ख्या डाएटमधली हीच एक गोष्ट मी मनापासून पाळली. चार महिन्यांत एक रविवार चुकवला नाही. ९१ किलोवर सुरुवात केली होती, चार महिन्यांनी काटा ९० वर. घरात सगळे हसले, मग एका रात्री वही घेऊन बसलो आणि रविवारी सकाळपासून काय काय पोटात जातं ते लिहून काढलं.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक: अख्खा दिवस मोकळा सोडणं

सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की दोन उंडे, पातळ भाजी आणि नाक्यावरची मिर्ची भजी. दुपारी उकड्या तांदळाचा भात दोनदा वाढून घेतलेला (शिजलेल्या भाताला १०० ग्रॅममागे साधारण १३० कॅलरी धरा, माझा ३०० ग्रॅम तर सहज होतो), नारळाचा दाट रस घातलेलं सुंगटाचं (कोळंबीचं) हुमण, रवा लावून तळलेले इसवणाचे दोन तुकडे, आणि तव्यावरचं तेल कोण मोजतो, एका मोठ्या चमच्यालाच १२० कॅलरी असतात. संध्याकाळी मित्राकडे एक मोठी बिअर, चखना म्हणून तळलेले काजू. रात्री घरी परतताना गाड्यावर रोस ऑम्लेट आणि रसात बुडवायला पाव, आणि झोपायच्या आधी फ्रिज उघडला तर बेबिंकाचा तुकडा दिसतोच.

बेरीज ४२०० च्या आसपास. माझ्या शरीराला वजन आहे तिथे टिकवायला दिवसाला २२०० लागतात, म्हंजे एका दिवसात २००० जास्त. आठवडाभर मी रोज ४०० वाचवायचो, सहा दिवसांचे २४००. त्यातले २००० रविवारने खाल्ले, उरले ४००. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात, तेव्हा या हिशोबाने एक किलो उतरायला एकोणीस आठवडे. माझे सतरा झाले होते! काटा बिचारा खरंच बोलत होता.

यावर उपाय म्हणून मी रविवार बंद केला नाही, एका जेवणावर आणला. दुपारचं जेवण मोकळं, सकाळ आणि रात्र रोजच्यासारखी. असं केलं की दिवसाचे फार तर ७०० जास्त जातात, आठवड्याला १७०० वाचतात आणि तोच किलो साडेचार आठवड्यांत उतरतो. आणि काय खायचं ते आदल्या दिवशीच नाव घेऊन ठरवायचं. "उद्या काहीतरी चमचमीत खाऊ" असं नाही, "उद्या सुंगटाचं हुमण, भात आणि एक तुकडी". नाव घेतलं की बाकीची फालतू खादाडी आपोआप गळते, कारण मिर्ची भजी मला तेवढी आवडतच नाहीत हे मला तेव्हा कळलं, ती फक्त नाक्यावर असतात म्हणून मी खायचो.

जागा करून ठेवणं

दुपारी थाळी आहे म्हणून शनिवारी रात्री नुसती सोलकढी, रविवारी सकाळी काळा चहा. मी पण हे केलंय. दोन वाजता हॉटेलात बसलो तेव्हा हात थरथरत होते, थाळी यायच्या आधीच तिसऱ्यो आणि कापां मागवून संपवली आणि नंतर थाळीही पूर्ण. वाचवलेल्या ५०० च्या बदल्यात १००० गेल्या असतील. भुकेलेला माणूस चव घेत नाही हो, तो फक्त भरतो, मग कशाला एवढ्या लाडाने ठरवलेलं जेवण.

सकाळी दोन अंडी किंवा वाटीभर मुगागाठी (मोड आलेल्या मुगाची उसळ) खाऊन जा, पोटात प्रोटीन असलं की थाळीतला दुसरा भात नको वाटतो. आणि डायबिटीसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण टाळायचं नावच काढू नका, साखर एकदम खाली येऊ शकते, तुमच्या डॉक्टरला विचारूनच काय ते करा.

सोमवारी सकाळी काट्यावर चढणं

हा मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. "काल एकदाच खाल्लं आणि आज १.८ किलो वाढलं, आता काय करू?" काही करू नका. १.८ किलो चरबी व्हायला जवळजवळ चौदा हजार कॅलरी जादा लागतील, तेवढं तर लग्नाच्या पंगतीत पैज लावूनही कोणी खात नाही. झालेलं असतं ते असं की भात-पाव पोटात गेला की शरीर त्यातली साखर ग्लायकोजन म्हणून स्नायूंत आणि लिव्हरमध्ये साठवतं आणि एका ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी सोबत धरून ठेवतं. त्यात आपलं जेवण खारट, किसमूर आहे, लोणचं आहे, चोरिस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) असेल तर विचारूच नका, मीठही पाणी धरतं. वर आतड्यात अजून पुढे न सरकलेलं जेवणही वजनात मोजलं जातंच. बायकांना पाळीच्या आधी पाण्याने वजन वाढतं ते वेगळंच. बुध-गुरुवारपर्यंत बहुतेक सगळं उतरतं.

पण लोक सोमवारी घाबरतात आणि खरी चूक तिथे होते. दिवसभर कोकमाचं सार पिऊन राहायचं, संध्याकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर गुडघे दुखेपर्यंत धावायचं, आणि गुरुवारी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये समोसे. मग "माझ्यात कंट्रोलच नाही" म्हणून रडायचं. सोमवारी नेहमीचं जेवा, नेहमीचं चाला, बस. वजन शुक्रवारी किंवा शनिवारी सकाळी बघा. रोज बघायची सवय असेल तर आठवड्याची सरासरी काढून मागच्या आठवड्याशी ताडून बघा. माझ्या बायकोने तर काटा कपाटावर ठेवला, तिथे माझा हात स्टुलाशिवाय पोचत नाही आणि स्टूल ओढल्याचा आवाज होतो.

"मेटाबॉलिझम रिसेट होतो ना?"

थोडक्यात सांगतो. लेप्टिन नावाचं हार्मोन आहे, १९९४ मध्ये सापडलं, चरबीच्या पेशी ते सोडतात आणि मेंदूला साठा किती आहे ते कळतं. डाएटवर ते कमी होतं, भरपूर खाल्लं की थोडा वेळ वाढतं, आणि परत कमी खायला लागलात की परत खाली. एका रविवारच्या शाकुतीने भट्टी पेटून पुढचे सहा दिवस चरबी जळत राहील असं काही होत नाही. खायचं तर आवडतं म्हणून खा, सगळ्यांबरोबर बसायला मिळतं म्हणून खा, ही कारणं पुरेशी आहेत.

गोव्याचं कॅलेंडर विसरणं

आता आपल्याकडची खास चूक. बाहेरच्या लोकांचा सल्ला आपण जसाच्या तसा उचलतो आणि दर रविवार ठरवून टाकतो. पण आपल्याकडे रविवार सोडूनही खायचे दिवस किती बघा, चवथ (गणेशचतुर्थी), दिवाळीचे पोहे, देवीची जत्रा, शिगमो, शेजारच्या वाड्यावरचं फेस्त, नाताळात ताट भरून येणारं कुस्वार, आणि मध्ये लग्नं-बारशी. रविवारही घेतला आणि हेही घेतलं तर महिन्यात आठ-नऊ होतात, आणि प्रत्येकाला वाटतं मी तर आठवड्यातून एकदाच खातो.

मी सरकारी नोकरीतल्या सीएलसारखं (किरकोळ रजेसारखं) केलंय. महिन्याला चार, बस. कालनिर्णयावर महिना सुरू व्हायच्या आधी पेनाने गोल करायचे. जत्रा बुधवारी आली तर त्या आठवड्यातला रविवार गेला. राहिलेली सीएल पुढच्या महिन्यात नेता येत नाही (हे बायकोने ठरवलं, मी नाही).

चवथीला मात्र हे गणित मोडतं, ते मान्य करा. दहा घरी जायचं, दहा ठिकाणी ताटली पुढे येते, आणि आत्या "इल्लेंशें तरी खा रे" म्हणते तेव्हा तिला कॅलरी सांगायची माझी तरी हिंमत नाही. तिथे मी एवढंच करतो की प्रत्येक घरी तिथली जी खरी चांगली वस्तू असते तीच घेतो. आमच्या आत्याच्या हातच्या पातोळ्यो, हळदीच्या पानात वाफवलेल्या, तेलाचा थेंब नाही, त्या दोन खाल्ल्या तरी चालतात. नेवरी तळलेली, आकार बघून एकेकीला दीडशे-दोनशे धरा, ती एकाच घरी. खतखतें मात्र भरपूर वाढून घ्या, त्यात भाज्याच जास्त.

खरा घात चवथीच्या दिवशी होतच नाही. तो होतो नंतर, स्टीलच्या डब्यात. सगळ्या घरांनी बांधून दिलेल्या नेवऱ्या दोन आठवडे टिकतात आणि रोज चहाबरोबर दोन-दोन जातात, दिवसाला तीन-चारशे, म्हंजे रोज घाम गाळून जेवढं वाचवायचं जवळजवळ तेवढंच. जत्रेतल्या खाज्याचंही तेच, गूळ आणि आल्याचा तो वास सुटला की माणूस एक किलो बांधून घेतो. पाव किलो घ्या, जत्रेतच वाटून खा. नेवऱ्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवा, अकरा वाजेपर्यंत डबा रिकामा परत मिळेल.

ग्लासातलं न मोजणं

मार्च ते मे उराकाचा (काजूच्या बोंडांच्या पहिल्या धारेच्या दारूचा) सिझन, त्या दिवसांत माझे अर्धे मित्र "मी काहीच खात नाही" म्हणतात आणि खरंच खात नाहीत. एका ग्रॅम अल्कोहोलमध्ये ७ कॅलरी, भात-साखरेत ४. फेणीचा ६० मिलीचा पेग साधारण १४० धरा, आणि वर ३०० मिली गोड लिंबू सॉफ्टड्रिंक ओतलं तर त्यातल्या साखरेचे अजून १२० च्या आसपास. असे तीन झाले की एक जेवण झालं. शिवाय शरीर आधी दारू जाळतं, चरबीची पाळी नंतर, आणि तिसऱ्या ग्लासानंतर समोरच्या चोरिस-पावाला नाही म्हणणारा अजून मला भेटलेला नाही. घेणार असाल तर साधा सोडा, लिंबू, मीठ, मिरची, आकडा आधी ठरलेला आणि पोटात आधी जेवण. पीत नसाल तर फारच छान, एक कटकट कमी.

आणि एक गोष्ट जी चुकांमध्ये मोडत नाही

ठरवलेलं जेवण सुरू झालं की थांबताच येत नाही, लपून खाल्लं जातं, नंतर उलटी काढावीशी वाटते किंवा दोन-दोन दिवस उपाशी राहून स्वतःला शिक्षा दिली जाते, असं होत असेल तर हे चीट-मीलचं गणित तुमच्यासाठी नाही, ते आत्ताच बंद करा आणि डॉक्टरला भेटा. बांबोळीला आयपीएचबी (सरकारी मानसोपचार रुग्णालय) आहे, तिथे जाण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बाकी माझं म्हणाल तर सध्या ८२. पुढच्या महिन्याच्या पानावर दोन गोल आधीच पडलेत, एक भाचीच्या बारशाचा आणि एक म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेचा. उरलेल्या दोनातला एक बायकोने मला न विचारता तिच्या माहेरच्या रविवारसाठी लिहून टाकलाय, आणि सासूबाई शाकुती करणार असं कळल्यापासून मी पण तो खोडायला गेलेलो नाही.