क्रशमध्ये चुकीचे आकडे कुठे अडवायचे

सेफ (Ceph) ही अनेक मशीनवर डेटा वाटून ठेवणारी स्टोरेज सिस्टम. तिच्यात कुठला डेटा कुठल्या डिस्कवर जाईल हे क्रश (CRUSH) हा अल्गोरिदम ठरवतो, आणि तो हिशोब क्लायंटही स्वतःच करतो. तिथल्या मॅपिंगच्या फंक्शनला रूलचा, म्हणजे जागा निवडण्याच्या नियमाचा, चुकीचा क्रमांक दिला तर एरर येत नाही, शून्य परत येतं, म्हणजे एकही ओएसडी (OSD, डिस्क सांभाळणारा प्रोग्रॅम) मिळाला नाही. प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे एकत्र ठेवायचा डेटाचा गट, तसाच अधांतरी राहतो. म्हणून तपासणी आधी, क्रशचा नकाशा (डिस्क, बकेट आणि रूल यांची मांडणी) बदलतानाच करायची.

पहिला बकेटचा आयडी. बकेट म्हणजे मशीन किंवा रॅकसारखा डिस्कचा गट. डिव्हाइसचे आयडी शून्यापासून वर, बकेटचे उणे. ॲरेतली जागा काढताना -1 मधून आयडी वजा करा. आधी आयडीचं चिन्ह उलटवून मग एक वजा करू नका. कागदावर दोन्ही सारखंच, पण आयडी -2147483648 आला तर चिन्ह उलटवतानाच 32 बिटांचा इंटीजर ओव्हरफ्लो होतो. पहिल्या रीतीत 2147483647 येतं आणि ते मर्यादेच्या तपासणीत अडकतं. आकडा मर्यादेत बसला तरी तिथला पॉइंटर नल नाही ना, ते बघाच. काढून टाकलेल्या बकेटची जागा रिकामी असते. रिव्ह्यूमध्ये ही ओळ दिसली नाही तर मी पॅच पुढे जाऊ देत नाही.

प्रतींच्या संख्येत मी स्वतः चुकले होते. शून्य किंवा उणे असेल तर ईइनव्हॅल (EINVAL, चुकीच्या आकड्याचा एरर, कोड 22), अशी अट घातली आणि आमच्या टेस्ट क्लस्टरचा धडधाकट नकाशा नाकारला गेला. रूलमधल्या चूजच्या (choose, निवडीच्या) पायरीत 0 म्हणजे पूलला (डेटा ठेवायच्या कप्प्याला) हव्या तितक्या प्रती, -1 म्हणजे त्याहून एक कमी; नेहमीच्या रूलमध्ये तर 0च असतो. पूलला रूल जोडताना पूलचा आकार, म्हणजे त्याच्या प्रतींची संख्या, त्यात मिळवा. बेरीज शून्य किंवा उणे आली तरच नकार द्या, अशी पायरी अडवली नाही तर मॅपर (मॅपिंग करणारा कोड) ती गुपचूप गाळतो.

एरर कोड 22 पुरेसा नाही. मेसेजमध्ये आलेला आकडा आणि मर्यादा दोन्ही लिहा: 'बकेट -17 चालणार नाही, जागा 16 आहेत'. रात्री अडीचला लॉग वाचणाऱ्याला तेवढं कळलं पाहिजे.

इंडेप (indep) रूलच्या, म्हणजे इरेजर कोडिंगसाठी वापरतात त्या रूलच्या, निकालात 2147483647 दिसला तर ती चूक नव्हे, त्या जागेला ओएसडी मिळालेला नाही. तो ओएसडीचा क्रमांक समजून ॲरेत घालू नका, आणि यादीतून काढूनही टाकू नका. इरेजर कोडिंगमध्ये पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे तुकडे आणि काही जादा तुकडे ठेवतात, आणि तुकड्याचा क्रम महत्त्वाचा असतो.

नवा नकाशा क्लस्टरवर चढवण्याआधी क्रशटूल (crushtool) या कमांडच्या टेस्टमधून काढा, बिघडलेली मॅपिंग दाखवायचा पर्याय लावून. एक जरी ओळ आली तरी थांबा.