इटालियनमधले खाण्यापिण्याचे शब्द शिकताय? या चुका टाळा

इटालियन शिकायला घेतलं की सुरुवात खाण्याच्या शब्दांनीच होते आणि पहिली चूकही तिथेच होते, ती म्हणजे सगळं इंग्रजीसारखं वाचणं. आपल्याकडे देवनागरी आहे ना, मग वहीत उच्चार देवनागरीतच लिहून ठेवा. लाटे नाही, लात्ते. ब्रुशेटा नाही, ब्रुस्केत्ता. त आणि द अगदी आपलेच, आणि जोडाक्षर आलं की नीट जोर देऊन म्हणायचं, पाला आणि पल्ला यात आपल्याला फरक ऐकू येतो ना तसाच त्यांनाही येतो.

मी तिकडे असताना एकदा बाजारात पीच घ्यायला गेले. पीच म्हणजे पेस्के, आणि मासा म्हणजे पेश्शे, लिहिताना फरक फक्त एका एचचा. मी आपली पेश्शे पेश्शे म्हणतेय आणि फळवाल्या बाई मला पलीकडची मासळीची गाडी दाखवतायत, आणि पीच समोरच ढिगाने ठेवलेले! तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं: सीई म्हणजे चे, सीएचई म्हणजे के, एससीई म्हणजे श्शे.

ओळखीचे वाटणारे शब्द जास्त घोळ घालतात. पेपेरोनी म्हणजे तिकडे ढोबळी मिरची, आपण समजतो ते सॉसेज नाही, त्याला सलामे पिक्कान्ते म्हणतात. कॉफी समजून नुसतं लात्ते मागितलंत तर दूधच येईल. काल्दो ऐकायला कोल्डसारखं पण अर्थ गरम, थंडला फ्रेद्दो.

शब्द एकटा पाठ करू नका, इल किंवा ला लावूनच करा, कारण शेवटी ए असला की शब्द पुल्लिंगी (इल) की स्त्रीलिंगी (ला) ते कळत नाही: इल पाने, इल लात्ते, पण ला कार्ने, म्हणजे मांस. पाने म्हणजे ब्रेड, आणि आपला पाव पोर्तुगीजांकडून आला असला तरी दोघांचं मूळ एकच, लॅटिन पानिस, त्यामुळे हा लगेच लक्षात राहतो. अननस तर जवळजवळ तसाच, अनानास.

मेनूवर प्रीमो म्हणजे पास्ता, भात, सूप. सेकोन्दो म्हणजे बहुतेक मटण-मासे. कोन्तोर्नो म्हणजे सोबतची भाजी. शाकाहारी असाल तर नुसतं सेन्त्सा कार्ने, म्हणजे मांसाशिवाय, म्हणून थांबू नका, सेन्त्सा पेश्शे पण म्हणा, आणि रिझोत्तो, म्हणजे तिकडचा भाताचा प्रकार, मागवताना तर नक्की विचारा, कारण तो बऱ्याचदा मांसाच्या ब्रोदोत, म्हणजे रश्शात शिजवतात: ए ब्रोदो वेजेताले? म्हणजे, रस्सा भाज्यांचा आहे का?