ऑक्टोबर छाटणीआधी जुन्या मिनी ट्रॅक्टरचं इंजिन घरीच असं तयार करा

द्राक्षबागेची छाटणी झाली की ब्लोअरला (ट्रॅक्टरवर चालणाऱ्या फवारणी यंत्राला) सुट्टी नसते. पोंग्यातून (डोळे फुटण्याच्या अवस्थेतून) बाग बाहेर पडत असताना पाऊस झाला, तर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी उद्यावर ढकलता येत नाही. नेमकी त्याच आठवड्यात पंधरा-वीस वर्षं जुनी, १५ ते २० अश्वशक्तीची मिनी ट्रॅक्टरं गॅरेजच्या रांगेत दिसतात. पावसाळ्यात ट्रॅक्टर शेडमध्ये उभा असतो आणि छाटणीनंतर एकदम पीटीओच्या (ब्लोअर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टच्या) पूर्ण लोडवर तासन् तास चालतो. म्हणून इंजिनाचं काम ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्येच उरका. नाशिक जिल्ह्यात बागलाण-कळवणकडे ज्यांची अर्ली छाटणी असते, त्यांनी त्या हिशेबाने आधीच हात घालावा.

ट्रॅक्टरने पिकअप सोडला की ‘इंजिन कामाला आलं’ म्हणून लगेच हेड खोलू नका. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरच्या लायनरपर्यंत जाण्याआधी डिझेल, हवा आणि पाणी हे तीन रस्ते तपासा. पुष्कळदा दोष तिथेच असतो आणि तो काढायला पाने, फिलर गेज, मल्टिमीटर आणि एक दिवस एवढं पुरतं.

डिझेल: एअर कुठून घेतो ते शोधा

बरेच दिवस उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या टाकीत दमट हवेचं पाणी साठतं. पाणी डिझेलपेक्षा जड असल्यामुळे ते तळाशी बसतं. टाकीखालचा ड्रेन नट आणि फिल्टरची वाटी सोडून पहिलं अर्धा-एक लिटर डिझेल काचेच्या बरणीत घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा काळसर चिकट गाळ दिसला, तर पूर्ण टाकी रिकामी करून धुवा आणि फिल्टर बदला. फिल्टर धुऊन परत बसवू नका. पुढे कामाच्या दिवसांत टाकी संध्याकाळीच भरून ठेवली, तर रात्री पाणी धरायला जागा राहत नाही.

फिल्टर बदलला की एअर काढावी लागते. आधी फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू एक आटा ढिला करून हातपंप मारा. हातपंप नसेल आणि टाकी वर असेल, तर डिझेल आपोआप उतरतं. सुरुवातीला फेस येतो, मग बुडबुडे आणि शेवटी अखंड धार. धार आली की ती चालू असतानाच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरचा स्क्रू तसाच करा. तरी चालू होत नसेल, तर नोझलकडचे पाइपनट अर्धा आटा ढिले करून सेल्फ मारा आणि डिझेल दिसताच आवळा. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही बसतील.

एअर काढली, ट्रॅक्टर चालू झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, असं झालं तर कुठूनतरी हवा आत जाते आहे. फीड पंपाच्या आधीच्या पाइपात ओढ असते, त्यामुळे तिथे बाहेर थेंबही गळत नाही आणि दोष सापडत नाही. क्लिपखाली तडकलेला रबरी पाइप आणि चपटे झालेले तांब्याचे वायसर ही नेहमीची ठिकाणं. फिल्टर आणि इंजेक्शन पंपाच्या मध्ये डिझेलला चालणाऱ्या पारदर्शक पाइपाचा तुकडा तात्पुरता जोडा. इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे सरकताना दिसले, तर गळती त्याच्या आधी आहे. वायसर नवेच टाका. मिळत नसतील, तर जुने लालबुंद तापवून गार करा, ते मऊ होतात.

एक सिलिंडर मारत नसेल तर स्लोवर इंजिन ठेवून, हातमोजे आणि चष्मा घालून, एकेका नोझलचा पाइपनट कापड गुंडाळून ढिला करा. ज्याने इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर कमजोर. नोझलच्या तोंडासमोर बोट कधीही धरू नका. त्या दाबाची धार कातडीत घुसते, जखम टोचल्याएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. नोझलचा प्रेशर आणि पंपाचं सील घरी छेडू नका, ते पंपवाल्याच्या टेस्ट बेंचवरचं काम आहे.

हवा

लायनर खातो तो धुरळा. ऑइल बाथ एअर क्लीनर असेल, तर वाटीतलं ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी आवरत नाही. जाळी डिझेलमध्ये धुऊन पूर्ण निथळू द्या. कोरडा कागदी फिल्टर असेल तर आतून बाहेर, कमी दाबाची हवा मारा. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी होज काढून आतून पांढऱ्या फडक्याने पुसा. फडक्यावर माती आली, तर फिल्टर कितीही नवा असला तरी क्लिप किंवा होजमधून धूळ आत जाते आहे. ही तपासणी फुकट आहे आणि हजारो रुपयांचं इंजिनकाम वाचवते.

पाणी आणि बोर्डो

द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरची ही खास अडचण. ब्लोअरचा तुषार आणि वाळलेली पानं रेडिएटरच्या पंखांत अडकून पापुद्रा बनतो. बोर्डोमधलं (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकातलं) तांबं ॲल्युमिनियमवर बसून ओल्यात त्याला पोखरतं, म्हणून फवारणी संपली की त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवा. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारा, जोराचा वॉशर पंख आडवे करतो. अल्टरनेटरवर आणि सेल्फवर पाणी जाऊ देऊ नका.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी भरू नका. त्याचा क्षार सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटमध्ये खपलीसारखा बसतो आणि गेजचा काटा नॉर्मल दाखवत असताना हेड तापतं. तयार कूलंट भरा, नाहीतर कॉन्सन्ट्रेट पाकिटावरच्या प्रमाणात डिस्टिल्ड पाण्यात मिसळा. थर्मोस्टॅट काढून फेकण्याची सवय चुकीची आहे, कारण थंड इंजिनात रिंगा आणि लायनर लवकर झिजतात. तो पातेल्यातल्या पाण्यात धाग्याने लटकवून गरम करा. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास उघडला तर चांगला. फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिमी दबावा.

ऑइल आणि टॅपेट

ऑइल इंजिन गरम असतानाच काढा, गाळ सोबत येतो. या इंजिनांना साधारण १५डब्ल्यू४० डिझेल इंजिन ऑइल चालतं, फिल्टर प्रत्येक वेळी बदला. पट्टीवर ऑइल आपोआप वाढलं आणि डिझेलचा वास आला, तर फीड पंपाचा डायफ्राम फाटला असावा. दुधाळ झालं तर पाणी शिरलंय, ट्रॅक्टर चालवू नका. काढलेलं ऑइल डब्यात साठवून भंगारवाल्याला द्या, विहिरीच्या काठी ओतू नका.

टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर, त्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना लावतात. छोट्या डिझेल इंजिनांत गॅप साधारण ०.२० ते ०.२५ मिमी असतो, तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडाच धरा. फिलर गेजची पट्टी त्या फटीत हलक्या ओढीने सरकली पाहिजे.

धूर आणि मिस्त्री

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा नोझल थेंबाळतं. डोळे चुरचुरणारा पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. निळसर धुरासोबत ऑइल फिलरचं झाकण उघडल्यावर फकफक करत जोराची वाफ येत असेल, तर रिंगांची वेळ झाली. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, तर हेड गॅस्केट संशयात धरा. ही दोन्ही कामं टॉर्क पाना असलेल्या मिस्त्रीकडेच द्या.

निफाड-पिंपळगाव पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा फार खाली जातो, तेव्हा हिटर प्लग (थंड सिलिंडर तापवणारा प्लग) चालत नसेल तर सकाळी इंजिन मारत नाही. प्रत्येक प्लगची वायर काढून मल्टिमीटरने रोध बघा: एक-दोन ओहमच्या आत चांगला, रीडिंगच नाही तर गेला. असा प्लग आत्ताच बदला. ईथरचा स्प्रे मात्र हिटर प्लगच्या इंजिनात कधीही मारू नका, स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो.

सगळं झाल्यावर ब्लोअरच्या टाकीत साधं पाणी भरून पीटीओ ५४० आरपीएमवर अर्धा तास चालवा. दर पाच मिनिटांनी तापमान पाहा, शेवटी इंजिन बंद करून नट, होज आणि ऑइलचे डाग तपासा.