हीट पंप घेताय? यंत्रातलं पाणी जाणार कुठे, ते आधी ठरवा

गरम पाण्यासाठी घरी हीट पंप घ्यायचं ठरलं असेल, तर मॉडेलं बघण्याआधी एक प्रश्न कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा: यातून निघणारं पाणी जाणार कुठे? नळाला येणाऱ्या गरम पाण्याबद्दल बोलत नाहीये. यंत्राच्या पोटातून जे गार पाणी ठिबकत राहतं, त्याबद्दल बोलतेय. हीट पंप आजूबाजूच्या हवेतली उष्णता ओढून घेतो, त्यात हवा गार होते, आणि तिच्यातली वाफ कॉइलवर पाणी होऊन उतरते. एसीतून टपकतं तेच हे पाणी. दमट हवेत घरगुती यंत्रातून तासाला अर्धा लिटरच्या आसपास सहज निघतं. यंत्र रोज पाच-सहा तास चालणार, म्हणजे रोजचं अडीच-तीन लिटर झालं. गेल्या वेळी मी टाकी बघितली, वायरिंग बघितलं, जागा मोजली, आणि नेमकं हेच राहिलं. बसवणाऱ्यांनी विचारलं नाही, आणि माहितीपत्रकातल्या चित्रात कोपऱ्यात एक बाण होता तेवढाच. भिंतीला ओल आली, रंगाला पोपडे धरले, आणि पाण्याने भरलेली टाकी रिकामी करून, हलवून, मग ड्रेनची लाइन काढावी लागली. म्हणून ही यादी, आणि म्हणून हा प्रश्न तिच्यात पुन्हापुन्हा येणार.

किंमत, कंपनी, ऑफर हे तुम्ही बघालच, त्यावर मी वेळ घालवत नाही. आधी हिशोब करा तो पाण्याचा. अंघोळीला साधारण ४० अंशांचं पाणी पुरतं. टाकीत ५५ अंशांचं आणि नळाला २० अंशांचं पाणी असेल, तर मिसळलेल्या पाण्यात टाकीतलं निम्म्याहून थोडं जास्त येतं. दहा मिनिटं शॉवर, मिनिटाला ८ लिटर, म्हणजे ८० लिटर पाणी, आणि त्यातलं टाकीतून गेलं सुमारे ४६. घरात एकापाठोपाठ एक किती जण अंघोळ करतात ते धरा आणि टाकी ठरवा. दिवसभराचा एकूण आकडा फसवा असतो. सकाळच्या त्या एका गर्दीच्या तासाला किती लागतं तेच खरं. गिझरची सवय असलेल्यांनी इथे जरा थांबावं. गिझर छोटा पण झटपट असतो, हीट पंप मोठा पण सावकाश. २०० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायला सुमारे ८ युनिट उष्णता लागते. दीड किलोवॉट उष्णता देणाऱ्या यंत्राला त्यासाठी साडेपाच तास लागतील. वीज मात्र तीन युनिटच्या आत खर्च होईल, आणि आपण हे यंत्र घेतो ते त्यासाठीच. पण टाकी लहान घेतली, तर दुसऱ्या-तिसऱ्या माणसाच्या वाट्याला गार पाणी येतं, मग घरचे कंटाळून आतला विजेचा हीटर चालू ठेवतात, आणि सगळी बचत तिथेच जाते. टाकी एक माप मोठीच घ्या.

सीओपीचा आकडा, म्हणजे एका युनिट विजेत किती युनिट उष्णता मिळते तो, जाहिरातीत मोठ्या टायपात असतो. ३ म्हणा, ४ म्हणा. विक्रेत्याला एवढंच विचारा: बाहेर हवा किती अंश असताना आणि पाणी कितीपर्यंत तापवताना? हवा जितकी गार आणि पाणी जितकं जास्त तापवायचं, तितका तो आकडा खाली येतो. तुमच्याकडच्या थंडीतला आकडा लेखी मागा. देत नसतील तर दुसरीकडे जा.

पाण्याचं तापमान किती ठेवायचं यावर लोक वाद घालतात. ५० ते ५५ वर रोजचं काम भागतं आणि यंत्रही सुखाने चालतं. पण साठवलेल्या कोमट पाण्यात, साधारण २० ते ४५ अंशांच्या पट्ट्यात, लीजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात आणि पाण्याच्या तुषारांतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करू शकतात. म्हणून ठरावीक काळाने टाकी ६० अंशांवर नेणारं आपोआप चक्र ज्यात आहे, तेच मॉडेल घ्या. आणि ६० अंशांचं पाणी कातडी काही सेकंदांत भाजतं, तेव्हा घरात लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर टाकीच्या बाहेर गरम-गार मिसळणारा व्हॉल्व्ह बसवलाच पाहिजे. यात काटकसर नको.

यंत्रात उष्णता वाहून नेणारा वायू कोणता आहे ते बघा. आर-१३४ए अजून बऱ्याच यंत्रांत असतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट उष्णता वातावरणात अडकवतो, आणि २०१६ च्या किगाली करारानंतर असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलंय. पुढे गळती झाली तर भरायला मिळेल का, कितीला मिळेल, हा विचार आजच करायचा. आर-२९०, म्हणजे प्रोपेन, त्या बाबतीत निर्धास्त आहे आणि पाणीही जास्त तापवतो, पण तो पेट घेणारा वायू आहे. त्याच्यासाठी खिडक्या, ड्रेनेजची तोंडं आणि ठिणगीच्या जागा यांपासून किती अंतर ठेवायचं ते कंपनी देते. ते अंतर तुमच्या जागेत बसतं का, हे टेप लावून बघा.

आता जागा. २०० लिटरची टाकी भरल्यावर यंत्रासकट ३०० किलोच्या घरात जाते. भिंतीवर टांगायची वस्तू नव्हे ही. जमिनीवर, सपाट, भक्कम ओटा हवा, आणि गच्चीवर किंवा बाल्कनीत ठेवणार असाल तर स्लॅबबद्दल जाणकाराला विचारून घ्या. यंत्र टाकीच्या डोक्यावरच असलेलं एकसंध मॉडेल घरात ठेवायचं तर त्याला भरपूर हवा लागते, २०-२५ घनमीटरची तरी खोली, नाहीतर हवा आणायला-सोडायला डक्ट. बंद कपाटासारख्या कोनाड्यात ते आपणच गार केलेली हवा परत ओढत बसतं आणि गुदमरतं. आवाज होतो, पंख्याचा आणि कॉम्प्रेसरचा, म्हणून झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली नको, शेजाऱ्यांच्या खिडकीखाली तर मुळीच नको. टाकीच्या वर मोकळी जागा सोडा. आतला अॅनोड रॉड, जो टाकीऐवजी स्वतः गंजत जातो, तो बहुतेक वेळा वरूनच बाहेर काढावा लागतो आणि चांगला लांब असतो. वर हातभरच जागा असेल तर तो बदलताच येणार नाही. टाकी जिन्यातून, दारातून जाते का हेही मोजा. आणि ज्या जागेवर बोट ठेवाल, त्या जागेवर उभं राहून विचारा: इथून पाणी जाणार कुठे?

हा प्रश्न जागा ठरवतानाच विचारायचा असतो, नंतर नाही. कारण हे पाणी दाबाने येत नाही, फक्त उताराने जातं. यंत्राचा ड्रेन ज्या उंचीवर आहे त्याच्या खाली कुठेतरी नहाणीची जाळी किंवा मोरी हवी, आणि तिथपर्यंत मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार मिळायला हवा. पाच मीटर लांब नेणार असाल तर पाच सेंटिमीटर आले. म्हणूनच ओटा थोडा उंच बांधा. टाकी थेट फरशीवर ठेवली आणि ड्रेनचं तोंड जमिनीलगत आलं, की उतार द्यायला काही उरतच नाही. नळी वाटेत कुठे वर उचललेली नको, दाराचा उंबरा ओलांडण्यापुरतीसुद्धा नको. मऊ पारदर्शक नळी तर टाळाच. ती उन्हाने वाकते, मध्ये झोळ पडतो, झोळात पाणी साचतं, त्यात धूळ आणि शेवाळ मिळून एक बुळबुळीत गोळा होतो, आणि एक दिवस पाणी उलटं कॉइलखालच्या ट्रेमधून बाहेर येतं. कडक पीव्हीसी पाइप, २० किंवा २५ मिलिमीटरचा, आणि वळणावर एल्बोऐवजी टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, बसवून तिच्या उघड्या तोंडाला झाकण, म्हणजे पुढे तार घालून साफ करता येईल. पाइपचं शेवटचं तोंड ड्रेनेजच्या पाइपात खुपसू नका, वास मागे येतो. जाळीच्या वर दोन बोटं मोकळं ठेवा. पाणी पडताना दिसलं पाहिजे. दिसलं नाही तर तुंबलंय हे कळायचं कसं?

गोठवणारी थंडी पडते तिथे आणखी एक: बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो, यंत्र तो मधूनमधून वितळवतं, आणि ते पाणी एकदम येतं. ते पायवाटेवर गेलं तर तिथे पुन्हा बर्फ होऊन माणूस घसरतो. म्हणजे प्रश्न तोच.

आणि हे झालं एक पाणी. दुसरंही आहे, ते तर कुणीच सांगत नाही. पाणी तापलं की फुगतं. २०० लिटर २० वरून ६० अंशांवर नेलं तर तीनेक लिटर जास्त जागा मागतं. गार पाण्याच्या लाइनवर एकेरी व्हॉल्व्ह असेल तर ते मागे जाऊ शकत नाही, आणि मग सुरक्षा व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. तापवताना तो व्हॉल्व्ह ठिबकला म्हणजे बिघडला असं नाही, आणि ठिबकतोय म्हणून कुणी त्याला बूच मारलं तर टाकी फुटू शकते. बूच कधीही नाही, तिथे तोटीही नाही. हवं तर एक्स्पान्शन टाकी, म्हणजे फुगलेलं पाणी सामावणारी छोटी टाकी, बसवा, ठिबकणं थांबेल. पण व्हॉल्व्हची नळी तरीही हवीच. ती वेगळी काढा आणि कढत पाणी सोसणाऱ्या पाइपची काढा. गार पाण्याच्या ड्रेनला ती जोडायची नाही. तिचंही तोंड उघडं, दिसेल असं, कुणाच्या अंगावर उडणार नाही असं. दोन पाणी, दोन नळ्या. कोटेशनमध्ये या दोन्ही नळ्या, त्यांची लांबी आणि त्या कुठे सोडणार ती जागा लिहून घ्या. ‘ते बघू जागेवर’ हे उत्तर चालवून घेऊ नका. जागेवर आल्यावर कुणी बघत नाही.

पाणी जड असेल तर क्षार धरणार, अॅनोड लवकर झिजणार. कडकपणा तपासून घ्या आणि वॉरंटीत त्याबद्दल काय अट आहे ते वाचा. दाब टाकीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त असेल तर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा. विजेसाठी स्वतंत्र लाइन, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच), चांगलं अर्थिंग. पंप जेमतेम अर्धा-एक किलोवॉट घेतो म्हणून वायर बारीक टाकू नका, आतला हीटर दीड ते तीन किलोवॉटचा असतो आणि दोन्ही एकदम चालू शकतात.

टाकीपासून नळापर्यंतचं अंतर कमी ठेवा. आतून १५ मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे पावणेदोनशे मिली पाणी राहतं. १५ मीटर लांबी असेल तर दर वेळी अडीच लिटरच्या वर गार पाणी आधी सोडून द्यावं लागेल. गरम पाइपाला इन्सुलेशन, बाहेरच्या भागात उन्हाला टिकणारं.

बसवायच्या दिवशी घरी थांबा. यंत्र उभंच आणलंय ना ते बघा. आडवं आणलं असेल तर कॉम्प्रेसरचं तेल खाली बसेपर्यंत चालू करायचं नाही, किती वेळ ते पुस्तिकेत असतं. स्प्लिट मॉडेल, म्हणजे यंत्र आणि टाकी वेगवेगळी, असेल तर तांब्याच्या नळ्या जोडल्यावर आधी नायट्रोजनने गळती तपासायची आणि मग व्हॅक्यूम पंप लावायचा. थोडा गॅस सोडून आतली हवा हाकलायची पद्धत अजून चालते, ती थांबवा. हवा आणि ओल आत राहिली की कॉम्प्रेसरचं आयुष्य घटतं. टाकी पूर्ण भरून, गरम नळातली खरखर थांबून धार सलग येईपर्यंत वीज लावायची नाही. कोरडा हीटर चालला की जळतो.

आणि माणसं जायच्या आत एक तांब्याभर पाणी यंत्राच्या ट्रेमध्ये स्वतः ओता. ट्रेपर्यंत हात पोचत नसेल तर त्यांना झाकण काढायला लावा. दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहा. पाणी आलं पाहिजे, जवळपास सगळं आलं पाहिजे, आणि वाटेत कुठल्या सांध्याला हात लावून ओल लागता कामा नये. हे झाल्याशिवाय उरलेले पैसे देऊ नका. ते म्हणतील नंतर आपोआप येईल पाणी. येईल, पण भिंतीत.

मोड कोणता ठेवलाय ते बघा. बसवणारे बरेचदा जलद तापण्याच्या मोडवर ठेवून जातात, त्यात हीटर सारखा चालतो. इकॉनॉमी लावा, आणि वेळ दुपारची, तेव्हा हवा गरम असते. एअर फिल्टर असेल तर महिन्या-दोन महिन्यांनी धुवा. अॅनोड वर्षाने बघायला सांगा. ड्रेनच्या टीचं झाकण पावसाळ्याच्या आधी उघडून तार फिरवा. बिल, वॉरंटी कार्ड, सिरीयल नंबरचा फोटो, दोन्ही नळ्यांच्या जागेचा फोटो, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा.