या चुका टाळा: रिच्चोलीच्या तराजूचं चित्र वाचताना

१६५१ साली आलेल्या ‘आल्माजेस्टुम नोवुम’ या ग्रंथाच्या सुरुवातीला एक कोरीव चित्र आहे, ग्रंथ जोव्हानी बात्तिस्ता रिच्चोलीचा, हा इटलीतला जेझुइट (एका कॅथलिक संघाचा) पाद्री आणि पक्का खगोलशास्त्रज्ञ. चित्र मला प्रचंड आवडतं, म्हणूनच ते घाईघाईत वाचलेलं बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक तराजूची. एका पारड्यात कोपर्निकसची मांडणी, म्हणजे सूर्य मधोमध आणि पृथ्वी त्याच्याभोवती, दुसऱ्यात रिच्चोलीची, म्हणजे बुध-शुक्र-मंगळ सूर्याभोवती आणि गुरू-शनी पृथ्वीभोवती. रिच्चोलीचं पारडं खाली गेलंय. लोकांना वाटतं खाली म्हणजे हरलं, वरचं स्वर्गाजवळ गेलं. अहो, आपणच म्हणतो ना ‘पारडं जड आहे’? जड तेच जिंकलं. आणि लगेच ‘धर्म विरुद्ध विज्ञान’ म्हणून मोकळं होऊ नका, या माणसाने पृथ्वी फिरते का यावर १२६ युक्तिवाद मांडलेत, ४९ बाजूने, ७७ विरोधात.

मग वरचा देवाचा हात. तो नुसता आशीर्वादाचा समजू नका, झूम करून बघा, बोटांपाशी तीन लॅटिन शब्द आहेत : नुमेरुस, मेन्सुरा, पोन्दुस. संख्या, माप, वजन. बायबलमधल्या ‘ज्ञानग्रंथा’त म्हटलंय की देवाने सगळं याच तिन्हींनी रचलं. म्हणजे खालचा तराजू त्या तिसऱ्या शब्दातूनच आलाय, तोलणं हीसुद्धा इथे भक्तीच आहे! हे सुटलं तर अख्खं चित्र सुटतं.

चित्रात बायबलमधल्या स्तोत्राची ओळही कोरलीय, ते स्तोत्र शोधताना नंबर जुळला नाही तर घाबरू नका, लॅटिन बायबलचं १०३वं स्तोत्र बऱ्याच आजच्या आवृत्त्यांत १०४वं असतं.

अंगभर डोळे असलेला माणूस बघून आपल्याला सहस्राक्ष इंद्रच आठवतो, पण हा ग्रीक पहारेकरी आर्गस, आणि तो गुडघ्यावरच्या डोळ्याला दुर्बीण लावून सूर्य बघतोय.

खाली आडवा झालेला म्हातारा टॉलेमी, म्हणजे पृथ्वी मधोमध मानणारा प्राचीन खगोलशास्त्रज्ञ, मेलेला नाही, त्याच्याजवळची ओळ वाचा, ‘मला सुधारतात तसा मी उठतो’.

आणि पंखवाली बाळं नुसती सजावट म्हणून सोडू नका. त्यांच्या हातात ग्रह आहेत, तेही दुर्बिणीतून दिसलेले, शनीला तर दोन्ही बाजूंना कान आहेत, तेव्हाच्या दुर्बिणीतून त्याची कडी तशी दिसायची.